अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न

माझ्या सासऱ्यांना त्यांच्या धंद्यात कुणी खऱ्या नावाने ओळखत नव्हतं. त्यांनी एकेचाळीस वर्षं फरशी बसवायचं काम केलं, आणि कोपऱ्याला गुण्या लावून बघितल्याशिवाय एकाही खोलीत पहिली फरशी टाकली नाही. गुण्या म्हणजे काटकोन तपासायची लोखंडी पट्टी. हळूहळू लोक त्यांनाच गुण्या मिस्त्री म्हणायला लागले. भिंत वाकडी निघाली तर ते घरमालकाला हाताला धरून तिच्यासमोर उभं करायचे आणि वाकडेपणा बोटाने दाखवायचे. घरमालकांना हे आवडायचं नाही. पण त्यांची फरशी कधी उचकटली नाही, त्यामुळे शिव्या घालत का होईना, पुन्हा त्यांनाच बोलवायचे.

त्रेसष्टाव्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. आयुष्य उकिडवं बसून काढलेल्या माणसाला डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे खुर्ची. खुर्ची पुढच्या खोलीत होती आणि तिच्या शेजारी, हात लांब केला की पोचेल इतक्या अंतरावर, फोन. खरी कटकट तिथून सुरू झाली.

आमच्या भागात एक रक्त-लघवी तपासायची प्रयोगशाळा होती. तिचा नंबर ५८८ २३३५, आमचा ५८८ २३५३. कुठल्या तरी छापखान्यात शेवटच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली आणि त्यांच्या सगळ्या पावत्यांवर आमचा नंबर छापून आला. सकाळी अकराला फोन वाजायला लागायचा तो संध्याकाळी सहापर्यंत. रिपोर्ट आला का, साखर किती निघाली, उपाशीपोटी यायचं की खाऊन. सासरे प्रत्येकाला सांगायचे की शेवटी पस्तीस लावा, त्रेपन्न नाही. लोक म्हणायचे, पावतीवर त्रेपन्न आहे. ते म्हणायचे, पावती चुकली आहे. मग लोक त्यांनाच दटावायचे की काका, रिपोर्ट द्यायचा नसेल तर तसं सांगा. एका गृहस्थाने तर आपली सगळी लक्षणं सांगून झाल्यावर विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

ते काठी टेकत प्रयोगशाळेत गेले. तिथल्या व्यवस्थापकाने ऐकून घेतलं आणि सांगितलं की पावत्यांची पाचशे पुस्तकं छापून झाली आहेत, ती संपली की नवीन पुस्तकांत दुरुस्ती करू. एका पुस्तकात शंभर पावत्या. सासऱ्यांनी तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला आणि घरी येऊन आम्हाला सांगितलं की अजून पन्नास हजार माणसं आजारी पडल्याशिवाय आपली सुटका नाही.

मग त्यांनी टेलिफोन ऑफिसात नंबर बदलून मिळण्यासाठी अर्ज केला. आधी अर्जाचा नमुना चुकला, मग सही चुकीच्या रकान्यात गेली, मग साहेब रजेवर होते. आठ महिन्यांत नऊ खेपा झाल्या. खिडकीवरच्या बाई त्यांना लांबून ओळखायला लागल्या आणि लांबूनच मान हलवायला लागल्या. सासूबाईंनी हात टेकले. त्या म्हणायच्या, "नंबर राहू दे, फोनच बदला. न वाजणारा मिळतो का बघा."

मी सकाळच्या पाळीला दूध-पिशव्यांच्या कारखान्यात जात होते आणि बाराला घरी यायचे, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

त्या आठातल्या पाचव्या महिन्यात एका मंगळवारी एका बाईंचा म्हातारा, करारी आवाज आला. सासऱ्यांनी नेहमीचं पाठ म्हटलं, चुकीचा नंबर आहे. पलीकडून उत्तर आलं की नंबर मी बरोबर लावला आहे, चूक छापणाऱ्याची आहे, तेव्हा माझ्याशी या सुरात बोलायचं कारण नाही. आजवर असं कुणी बोललं नव्हतं.  बाई चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्यामुळे दर मंगळवारी त्यांना रक्त तपासून घ्यावं लागायचं. पुढच्या मंगळवारी त्यांनी पुन्हा आमचाच नंबर लावला. खरा नंबर गेल्या आठवड्यात सांगितला होता ना, असं सासऱ्यांनी वैतागून विचारलं. बाई म्हणाल्या, तो लिहून ठेवला आहे, तिकडे नंतर करते, आधी तुमच्याशी काम आहे. तुमच्या नंबरला सतराने गुणून बघा. आणि फोन ठेवला.

सासरे बराच वेळ फोनकडे बघत बसले. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण फरशीवाल्याचा गुणाकार पक्का असतो, नाहीतर दुकानातून माल कमी येतो. त्यांनी फरशीच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा ओढला आणि जाड पेन्सिलीने गुणाकार मांडला. उत्तर आलं दहा कोटी एक. एकावर सात शून्यं आणि शेवटी एक. त्यांनी पुन्हा केला. मग पुठ्ठा माझ्यासमोर धरून विचारलं की हे बरोबर आहे का बघ. मी बघितलं. बरोबर होतं.

तिसऱ्या मंगळवारी बाईंनी दुसरं सांगितलं. नंबर लिहिताना आपण आधी एक्स्चेंजचे तीन आकडे लिहितो, मग आपले चार. त्या तिनांचा वर्ग करा, चारांचा वर्ग करा आणि दोन्हींची बेरीज करा.

आता वर्ग म्हणजे काय हे फरशीवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. एका चौकोनी हॉलच्या एका बाजूला ५८८ फरश्या, तर सगळ्या मिळून किती? तीन लाख पंचेचाळीस हजार सातशे चव्वेचाळीस. दुसऱ्या हॉलच्या एका बाजूला २३५३, तर किती? पंचावन्न लाख छत्तीस हजार सहाशे नऊ. सासऱ्यांनी दोन्हींची बेरीज केली आणि पेन्सिल खाली ठेवली. अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न. म्हणजे आमचाच फोन नंबर.

 रिपोर्टवाल्यांना त्या दिवशी त्यांनी इतक्या शांतपणे पस्तीस सांगितलं की सासूबाई आतून बघायला आल्या.

चौथ्या मंगळवारी त्यांनी स्वतःच विचारलं, "बाई, या नंबराला कशाने भाग जातो?"

"सतरा जाईल का?"

"नाही. करून बघितलं. बाकी उरते."

"मग तेरा? एकोणीस? तुम्हीच बघा. मला उत्तर माहीत आहे, पण मी सांगणार नाही. चौतीस वर्षं उत्तरं सांगून माझं डोकं पिकलं."

बाईंनी एवढंच सांगितलं की ज्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही तिला मूळ संख्या म्हणतात, आणि तुमची तशी आहे की नाही हे तपासायचं असेल तर दोन हजार चारशे पंचवीसपर्यंत जावं लागेल. तिथेच का थांबायचं, हे सासऱ्यांना लगेच कळलं. तेवढ्या फरश्या आयताकृती खोलीत बसल्याच, तर खोलीची एक बाजू लहान असणार, आणि २४२६ च्या वर्गात आपला नंबर मावून जागा उरते. म्हणजे लहान बाजू २४२५ च्या पुढे जाऊच शकत नाही. प्रत्येक आकडा तपासायचीही गरज नाही हेही त्यांच्या ध्यानात आलं. तीनच्या ओळी बसत नसतील तर सहाच्या कुठून बसणार? फक्त मूळ संख्यांनी भागायचं. बाई म्हणाल्या, अशा मूळ संख्या तीनशे साठ आहेत. यादी तुम्ही करा.

यादीला तीन आठवडे लागले. चौकटी आखलेल्या मोठ्या कागदावर २४२५ पर्यंत आकडे लिहून त्यांनी दोनचे खोडले, तीनचे खोडले, पाचचे, सातचे, असं करत गेले. जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेला, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. सगळं खोडून झाल्यावर उरलेले मोजले तर तीनशे एकसष्ट भरले. एक भामटा जास्त होता. तो शोधण्यात चार दिवस गेले आणि त्या चार दिवसांत घरात कुणी त्यांच्याशी बोलायला धजावलं नाही. शेवटी सापडला, २०४७. तेवीस गुणिले एकोणनव्वद. तो दिसायला इतका सभ्य होता की कुणालाही फसवेल, असं ते म्हणाले.

मग भागाकार सुरू झाले. शंभर पानी वही, एका पानावर पाच भागाकार, दिवसाला दोन पानं. सासूबाई मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "भिंती वाकड्या असायच्या तेव्हा बरं होतं, संध्याकाळी तरी घरी यायचे. आता घरी असून नसतात." सासरे भागाकार करत असताना फोन वाजला की मधेच हातचा विसरायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. म्हणजे आधी फोनमुळे चिडायचे ते आता फोन नंबरामुळेही चिडायला लागले. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

नव्वदाव्या भागाकाराच्या सुमारास टेलिफोन ऑफिसचं पत्र आलं. अर्ज मंजूर. तीस दिवसांत येऊन संमतीची सही करावी, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून नवीन क्रमांक लागू होईल. सासूबाईंनी पत्र दोनदा वाचून घेतलं. सासऱ्यांनी ते घडी करून वहीखाली सरकवलं आणि बघू म्हणाले. आठ महिने ज्याच्यासाठी चपला झिजवल्या ते हातात आल्यावर बघू. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांना कारण सांगायची सासऱ्यांना लाज वाटत होती. मला मात्र एकदा सांगितलं. म्हणाले, एकेचाळीस वर्षांत एक खोली पूर्ण फरश्यांत बसली नाही, दर वेळी भिंतीकडेला कापून तुकडे लावले. सगळं जग थोडं थोडं कापूनच बसवलेलं आहे. आणि हा आपला नंबर बघ, कुठल्याच खोलीत बसायला तयार नाही आणि दोन हॉलमध्ये मात्र बरोबर बसतो. असं काहीतरी आपल्या घरात इतकी वर्षं होतं आणि मी ते बदलून द्या म्हणून अर्ज करत फिरत होतो.

सहाशे एकोणीसने घोडं अडलं. तो एकशे चौदावा भागाकार, बुधवारचा. मी कपडे वाळत घालत होते आणि आतून काहीच आवाज येईना म्हणून डोकावले. ते वहीकडे बघत होते. पानाच्या तळाशी बाकी शून्य. सहाशे एकोणीसच्या साडेनऊ हजार तीन ओळी, एकही फरशी कमी नाही की जास्त नाही.

"बसला," ते म्हणाले. "हाही बसला. इतरांसारखाच निघाला."

मी म्हटलं की बाईंना मंगळवारी विचारा. विचारायचं काय त्यात, शून्य म्हणजे शून्य, असं म्हणून त्यांनी वही मिटली. बाईंचा नंबर आमच्याकडे नव्हता, नावही माहीत नव्हतं. शुक्रवारी मी कामावर असताना ते एकटेच बसने गेले आणि संमतीची सही करून आले. सासूबाईंनी त्या दिवशी गोड केलं. सासरे दोन घास खाऊन उठले.

मंगळवारी बाईंचा फोन आला तेव्हा मी शेजारीच बसले होते, आणि बाईंचा आवाज असा की शेजारच्यालाही ऐकू यावा. सासऱ्यांनी कोरडेपणाने सांगितलं की सहाशे एकोणीसने भाग गेला, भागाकार नऊ हजार पाचशे तीन.  मग बाईंनी विचारलं, "मिस्त्री, नऊ त्रिक किती?"

"सत्तावीस."

"सहाशे एकोणीसचा शेवटचा आकडा नऊ. तुमच्या भागाकाराचा शेवटचा आकडा तीन. मग गुणाकाराचा शेवटचा आकडा किती यायला पाहिजे?"

सासऱ्यांनी मिटलेली वही जवळ ओढली.

"सात यायला पाहिजे. आणि तुमच्या फोनच्या शेवटी काय आहे? रोज शंभर लोकांना ओरडून सांगता ना, त्रेपन्न त्रेपन्न म्हणून? तीन आहे. मग भाग जाईलच कसा? चौथीतलं पोर सांगेल हे. उघडा ती वही."

त्यांनी उघडली. शेवटच्या पायरीला १८५३ मध्ये सहाशे एकोणीस तीन वेळा घातले होते, आणि तीन वेळा म्हणजे अठराशे सत्तावन्न होतात. त्यांनी अठराशे त्रेपन्न लिहिले होते. डोक्यात दिवसभर त्रेपन्न घोळत असायचं, ते हातातून उतरलं. खरं तर दोनच वेळा बसतं आणि बाकी सहाशे पंधरा उरते. बाई आणखी बरंच बोलल्या आणि रागाने फोन आपटला.

नंबर सोडून दिला आहे हे सासऱ्यांनी त्यांना सांगितलं नाही. मी विचारलं, निदान बाईंचा नंबर तरी मागून घ्यायचा. ते म्हणाले, मला वाटलं उद्या जाऊन रद्द करून येऊ, उगाच कशाला सांगायचं. एक तारीख गुरुवारी होती.

बुधवारी मी सुट्टी टाकून त्यांच्याबरोबर गेले. खिडकीवरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "काका," त्या म्हणाल्या, "नऊ वेळा आलात बदलून द्या म्हणून. शुक्रवारी सही करून गेलात. आज म्हणता बदलू नका. मी काय करू सांगा?"  त्यांनी आम्हाला आत साहेबांकडे पाठवलं, माझ्या मते केवळ आपल्यासमोरून हलावं म्हणून.

साहेब तरुण इंजिनिअर होते आणि फायलींनी गांजलेले होते. त्यांनी सांगितलं की हुकूम निघाला आहे, तो फिरत नाही. सोडलेला क्रमांक सहा महिने बंद राहतो. त्यानंतर विशेष कारण दाखवून कुणीही मागू शकतो. विशेष कारण काय आहे तुमचं? सासऱ्यांनी कागद मागून घेतला आणि लिहिलं की सदर क्रमांक हा त्याच्याच दोन भागांच्या वर्गांची बेरीज असून मूळ संख्या आहे. साहेबांनी वाचून आमच्याकडे संशयाने बघितलं. मग टेबलावरचं गणनयंत्र ओढलं, बटणं दाबली, थांबले, पुसून पुन्हा दाबली.

"बेरीज बरोबर आहे," ते म्हणाले. "पण मूळ संख्या आहे हे कशावरून?"

"तपासतोय. एकशे चौदा झाले, दोनशे शेचाळीस राहिलेत."

"मग झाल्यावर या," साहेब म्हणाले. टाळण्यासाठी म्हणाले की खरोखर, ते तेव्हा कळलं नाही.

नवीन नंबर आला ५८८ ४६२०. दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा, सगळ्यांनी भाग जाणारा. सासूबाई म्हणाल्या, फरशीवाल्याला याहून चांगला नंबर कुठे मिळणार, कुठल्याही खोलीत बसेल. सासऱ्यांनी तिकडे ढुंकून बघितलं नाही. फोन वाजायचा थांबला. जुना नंबर लावणाऱ्यांना हा क्रमांक अस्तित्वात नाही अशी टेप ऐकू यायची, त्यामुळे लोक पावत्या नाचवत थेट प्रयोगशाळेत जाऊन भांडायला लागले. दोन दिवसांत प्रयोगशाळेने रबरी शिक्का बनवून घेतला आणि प्रत्येक पावतीवर बरोबर नंबर मारायला सुरुवात केली. जे काम आठ महिने होत नव्हतं ते दोन दिवसांत झालं. हे ऐकून सासऱ्यांनी जे उद्गार काढले ते मी लिहीत नाही.

पण बाई हरवल्या. मंगळवारी दुपारी सासरे फोनशेजारी बसायचे, जणू फोनला कळणार होतं. दुसऱ्या मंगळवारी त्यांनी काठी उचलली आणि मला म्हणाले, चल. आम्ही प्रयोगशाळेच्या बाकावर जाऊन बसलो. बाई दिसायला कशा आहेत हे आम्हाला माहीत नव्हतं, फक्त आवाज माहीत होता. तिथे आलेली माणसं बोलतच नव्हती, बाही वर करून गप्प बसायची. सासरे प्रत्येक म्हाताऱ्या बाईला काहीतरी विचारून बोलतं करायचे. घड्याळात किती वाजले, पंखा लागतो का तुम्हाला. दोघीजणी उठून दुसऱ्या बाकावर गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी बाई आमच्या आधीच येऊन गेल्या असाव्यात, भेटल्या नाहीत. पुढच्या मंगळवारी खिडकीपाशी आवाज चढला. एक ठेंगणी बाई, जाड भिंगाचा चष्मा, मनगटावर पुरुषी घड्याळ, पावती समोर धरून तिथल्या मुलीला सांगत होती की हा शिक्का उलटा मारला आहे, आरशात धरून वाचायचा का?

सासरे काठी विसरून उठले.

"बाई, मी त्रेपन्न."

बाईंनी चष्म्यावरून त्यांना नीट बघितलं. "जिवंत आहात होय," त्या म्हणाल्या. "मी बोलले त्याचा राग येऊन तुम्ही फोनची वायर कापली असं वाटलं मला. तीन रात्री झोप नाही लागली."

सासऱ्यांनी सगळं सांगितलं, सहीसकट. बाई ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा कडक होत गेला. नऊ त्रिक चुकतं माणसाचं, ते मी समजू शकते, पण चुकीच्या भागाकारावर सही करून येतो त्याला काय म्हणावं, असं त्या म्हणाल्या. मग हातावरचा कापूस दाबत बाकावर बसल्या आणि वही मागितली. तोवर एकशे नव्वद भागाकार झाले होते. त्यांनी मधूनच एक पान उघडलं. एक हजार नऊने भागलेलं, भागाकार पाच हजार आठशे एकोणतीस, बाकी आठशे एकोणतीस. बाईंनी पावतीच्या मागे गुणाकार केला आणि म्हणाल्या, बाकी आठशे ब्याण्णव येते. सासरे म्हणाले, आठशे ब्याण्णव काय आणि आठशे एकोणतीस काय, उरते हे तर खरं ना? भाग जात नाही म्हणजे झालं.

"तुम्ही बसवलेल्या फरशीत सूतभर फरक असला तर चालायचं का तुम्हाला?"

"उखडून काढायचो."

"मग काढा."

त्यांनी सगळे उखडले. नवीन वही, पहिल्यापासून, आणि प्रत्येक भागाकाराखाली उलटा गुणाकार करून ताळा. घरी येताना ते बसमध्ये पूर्ण वेळ बाईंबद्दल कुरकुरत होते आणि खिशातल्या बाईंच्या नंबराची चिठ्ठी दर दोन थांब्यांनी चाचपत होते.

शेवटचा भागाकार चार महिन्यांनी झाला. २४२३ ने. शनिवार होता, दुपारचे तीन. भागाकार २४२७, बाकी १७३२. त्यांनी ताळा केला, पेन्सिलीचं टोक फुंकलं आणि फोन उचलला. एवढ्या दिवसांत त्यांनी स्वतःहून बाईंना केलेला तो पहिलाच फोन.

"बाई, झाले. तीनशे साठ. एकानेही नाही जात."

"शेवटची बाकी किती?"

"सतराशे बत्तीस."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. बाईंनीही तोच भागाकार करून ठेवलेला होता, फोनची वाट बघत. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि मग थोड्या वेळाने, "छान केलंत मिस्त्री."  सासऱ्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी बाईंना तब्येत विचारली.

सहा महिने पुरे झाल्यावर आम्ही वही घेऊन टेलिफोन ऑफिसात गेलो. साहेब तेच होते आणि त्यांना आठवण होती. त्यांनी सांगितलं की पुरावा म्हणून वही जोडायची तर तीन प्रती लागतील. मी बहात्तर पानांच्या तीन प्रती काढून आणल्या. मग फाइल तीन आठवडे हलेना. चौकशीला गेलो तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी खालच्या आवाजात सांगितलं की फाइल साहेबांच्या घरी आहे, ते रोज दहा-बारा भागाकार तपासतात, आता आठशेच्या पुढे गेलेत. घरी आल्यावर सासरे म्हणाले, माझ्यावर विश्वास नाही का ठेवायचा या माणसाने? मी म्हटलं, तुम्ही कुणाच्या भिंतीवर ठेवलात? सासूबाई त्यावर पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या.

पुढच्या महिन्यात मंजुरी आली. फाइलवर साहेबांच्या हाताने लिहिलेलं होतं: कारण तपासले, योग्य आहे, मागितलेला क्रमांक देण्यास हरकत नाही. सासऱ्यांनी त्या ओळीची प्रत मागितली. नियमात बसत नाही म्हणून मिळाली नाही.

आता त्यांना एकाहत्तरावं लागलं आहे. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याला ते नको म्हणतात. बाईंच्या गोळ्या चालूच आहेत. मंगळवारी दुपारी त्यांचा फोन येतो आणि तासभर दोघं भांडतात. सध्या भांडण असं आहे की आपला नंबर दुसऱ्या कुठल्या दोन वर्गांची बेरीज होऊ शकतो का. बाई म्हणतात, मूळ संख्या आहे, म्हणजे जोडी एकच, हे सिद्ध झालेलं आहे. सासरे म्हणतात, सिद्ध झालं असेल, पण मी मोजून बघतो.

बाकी त्रास एकच. कुणीही त्यांना फोन नंबर विचारू नये. परवा चष्म्याच्या दुकानात बिल करणाऱ्या माणसाने विचारला. मी पटकन सांगायला गेले, तोवर त्यांनी काउंटरवर कोपर टेकलं होतं. लिहा म्हणाले, आधी तीन आकडे, मग चार, आता त्या तिनांचा वर्ग करा. मागे पाचजण उभे होते. दुकानदार खरंच करायला लागला, आणि रांगेतला एक जण खिशातून पेन काढून पुढे सरकला. मी चष्मा घेतला आणि त्यांना तिथेच सोडून घरी आले.